राष्ट्रध्वज आणि धाराशिव जिल्हा

राष्ट्रध्वज हे सार्वभौमत्वाचे दृश्य चिन्ह होय. एखाद्या प्रदेशावर कोणता ध्वज फडकावा, या प्रश्नात तेथील सत्तेचा उगम कशात आहे, हा प्रश्न अनुस्यूत असतो. मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या १९४७–४८ मधील इतिहासावरून याची प्रचीती येते.

हा जिल्हा हैदराबाद संस्थानात मोडत असे. सध्याचा लातूर जिल्हा १९८२ मध्ये त्यातून वेगळा झाला. संस्थानाचा आसफजाही ध्वज पिवळा असून त्याच्या मध्यभागी पांढरे वर्तुळ होते. एका सूफी संताने पिवळ्या वस्त्रात बांधून घराण्याच्या संस्थापकास दिलेल्या कुलच्याचे (एक प्रकारची रोटी) हे प्रतीक, अशी आख्यायिका आहे. हा ध्वज राजवंशाचा होता. याउलट २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेला तिरंगा लोकांच्या सार्वभौमत्वाचा निदर्शक होता.

निजामाने भारतात विलीन होण्यास नकार दिला आणि संस्थानात भारतीय ध्वज समारंभपूर्वक उभारण्यास मनाई झाली. त्यामुळे इतरत्र उत्सवाचा भाग असलेले ध्वजारोहण येथे सत्याग्रहाचे साधन बनले. जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत पूर्वी अध्यापन केलेले स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत अटक झाली. पुढे सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरील शिबिरांतून आंदोलनाची सूत्रे हलू लागली. ध्वजारोहणाबरोबरच शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरी नाक्यांवर हल्ले करणे असे कार्यक्रम हाती घेण्यात आले. रझाकार संघटनेने त्यास हिंसेने उत्तर दिले. तिचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून निघून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरली. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. मात्र या विजयास एक दुःखद बाजूही आहे. त्यानंतरच्या हिंसाचारात मुस्लिम समाजाची मोठी प्राणहानी झाली. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असा अंदाजिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. सर्व नागरिकांना समान मानणाऱ्या ध्वजाखाली हे घडले, ही विसंगती इतिहासकाराने नोंदविणे आवश्यक ठरते.

हा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २०२३ मध्ये त्यास धाराशिव हे नाव मिळाले. मराठवाड्यात १५ ऑगस्टप्रमाणेच १७ सप्टेंबर रोजीही मुक्तिसंग्राम दिनानिमित्त ध्वजारोहण होते. या दोन तारखांमधील तेरा महिन्यांचे अंतर हेच येथील तिरंग्याच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.