ख्रिस्ती घरांतील नित्यपाठ

शिरूर कासार हें सिंदफणेच्या कांठचें गांव. बीड जिल्ह्याच्या पश्चिम कडेस तें वसलें असून त्याच्या पलीकडे नगर जिल्ह्यांतील पाथर्डीचा मुलूख लागतो. १९४७ पर्यंत ह्या दोहोंमधून दोन राज्यांची शीव जात असे. अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे इंग्रजांचा. परंतु पोथीला शीव ठाऊक नव्हती. दोन्हीकडे हरिनामाचे सप्ताह बसत, दोन्हीकडे एकानें वाचावें व दहांनीं ऐकावें, ही रीत चालत असे. ज्यास अक्षर येत नाहीं त्यासही ओंवी येते, हें ह्या मुलखांत नवल नव्हे. अशा भूमींत, ज्या धर्माची सारी भिस्त ग्रंथवाचनावर, तो धर्म आला तेव्हां नित्यवाचनाची संवय कशी लागली, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

ग्रंथ प्रथम दुरून आला. विल्यम कॅरी ह्यांच्या देखरेखीखालीं श्रीरामपूर येथें मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत १८०५ सालीं व समग्र नवा करार १८११ सालीं छापला गेला. अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ त उतरले. नगरचें ठाणें १८३१ त पडलें. निजामाच्या हद्दींत, जालन्याजवळ, १८४३ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रि ह्यांनीं पुढें बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत वसविली.

१८४२ ह्या एकाच सालीं दोन गोष्टी घडल्या, त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. नगरास ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू झालें; आणि तिकडे स्कॉटलंडांत डंडी येथील तरुण धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅक्चेन ह्यांनीं आपल्या मंडळीसाठीं वर्षभराच्या वाचनाचें कोष्टक तयार केलें. त्यांत जुना करार एकदां, नवा करार व स्तोत्रें दोनदां, असा वर्षाचा हिशेब आहे. प्रॉटेस्टंट बायबलाचे अध्याय ११८९. आठवड्याच्या सहा दिवशीं तीन तीन व रविवारीं पांच वाचले, तरी वर्षांत एक आवृत्ति होते. गणित सोपें आहे. परंतु त्या गणितांत तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत : वाचकास अक्षर येतें, त्याच्यापाशीं स्वतःची प्रत आहे, आणि दिवसाकांठीं त्यास स्वतःचा म्हणून एक घटका वेळ आहे. नगरच्या खेड्यांतून ख्रिस्ती झालेल्या महारांच्या पुष्कळ घरीं ह्या तिहींपैकीं एकही नव्हती.

तेव्हां येथें संवय लागली ती डोळ्यानें नव्हे, कानानें. आणि तीही नवी नव्हती. गोव्यांत फादर स्टीफन्स ह्यांनीं १६१६ सालीं ‘क्रिस्तपुराण’ छापविलें, तें ओंवींत. कारण नव्या ख्रिस्त्यांस जुन्या पुराणांच्या जागीं ऐकण्याजोगें कांहीं हवें होतें. हीच गरज अडीचशें वर्षांनीं नगरास उमगली. कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनीं कीर्तनाचा ठाट तसाच ठेवून त्यांत शुभवर्तमानांतील आख्यानें घातलीं. नगरास मिस सिंथिया फॅरार ह्यांच्या मुलींच्या शाळा १८३९ नंतर चालल्या. घरांत अक्षर ओळखणारें एक माणूस निघालें, मग तें लेंकरू कां असेना, कीं सारें घर श्रोता होऊं शकत असे. श्रोता असल्यामुळें वाचणारास चुकवितां येत नाहीं, आणि वाचणारा असल्यामुळें श्रोत्यास उठतां येत नाहीं. संवयीचें खरें बळ ह्या परस्परांच्या भिडेंत आहे, असें आम्हांस वाटतें.

एकट्या वाचकाचें उदाहरण पाहावयाचें तर रेव्हरंड टिळकांचें पाहावें. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. टिळकांस तो प्रथम रुचला नाहीं. वाचीन असें वचन दिलें होतें, म्हणून त्यांनीं वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले, आणि मग पुस्तक खालीं ठेववेना. १८९५ त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ह्या कथेंतील पहिली पायरी आमच्या लोकांच्या ध्यानांत राहत नाहीं. गोडी मागाहून आली. आधीं होता तो शब्द पाळण्याचा धाक.

परंतु गोडी यावयास भाषा आपली असावी लागते. पंडिता रमाबाईंनीं हें जाणलें. प्रचलित भाषांतर अडाणी बायकांस कळत नाहीं, म्हणून त्यांनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून समग्र बायबल सोप्या मराठींत उतरविलें आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत तेथल्याच बायकांकडून तें छापविलें. १९२२ सालीं काम उरकलें व त्याच सालीं त्या वारल्या. टिळकांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. ज्या बाईस अक्षरओळख नवऱ्यानें लग्नानंतर करून दिली, तिच्या हातून हें ओंवीबद्ध काव्य वाढावें, ह्याहून ह्या साऱ्या खटाटोपाचें फळ तें कोणतें?

कोणी म्हणेल, रोजचा पाठ म्हणजे यंत्राची घरघर. आक्षेप खोटा नाहीं. मॅक्चेन ह्यांनीं आपल्या कोष्टकासोबतच त्याचे धोके लिहून ठेवले : वाचन निव्वळ रिवाज होईल, अध्याय संपविल्याचा अभिमान जडेल, कोणी उरकावयाचें म्हणून वाचील, कोणास तें जूं वाटेल. आमच्या पारायणांसही हा उपदेश अक्षरशः लागू पडतो. पण धोका सांगूनही त्यांनीं कोष्टक मागें घेतलें नाहीं, हेंही विसरूं नये. ज्या दिवशीं मन लागत नाहीं त्या दिवशींही पान उघडलें, तरच ज्या दिवशीं मन लागेल त्या दिवशीं पान हाताशीं असतें.

आज शिरूर कासारच्या परिसरांतून दसऱ्यानंतर हजारों कुटुंबें ऊस तोडावयास परमुलखांत जातात व उन्हाळ्यांत परततात. कोयत्यामागें फिरणाऱ्या घरास, धर्म कोणताही असो, ना ठरलेली जागा, ना ठरलेली घटका. अशा घरास वर्षाचें कोष्टक देणें हा उपहास होईल. त्यास हवा चार ओळींचा पाठ, मोठ्यानें म्हटलेला, निजण्यापूर्वीं, आणि ऐकणारें एक तरी माणूस जवळ. ज्याचें पाठांतर आहे त्याची पोथी पालावरही त्याच्यासंगें असते. नगरच्या जुन्या मंडळीनें आपली संवय अशाच थोडक्या साधनांवर उभी केली, आणि ती टिकली.