मेंदूची भिंत आणि कांचेंतील तिची प्रतिकृति



जुन्या चांदा जिल्ह्याचे आज दोन भाग आहेत: चंद्रपूर, आणि १९८२ सालीं निराळा झालेला गडचिरोली. जुनीं माणसें अजून चांदाच म्हणतात, आणि मलाहि तें नांव गोड लागतें. या वनप्रदेशास हिंवताप पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. त्यांतला फॅल्सिपेरम जातीचा ताप कधीं कधीं डोक्यांत जातो. अंगणांत खेळणारें मूल एकदोन दिवसांत झटके येऊन बेशुद्ध पडतें. हेमलकशास १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हांपासून तेथील डॉक्टरांनीं असे रोगी वारंवार पाहिले आहेत. हें कसें घडतें, याचा शोध मात्र फार दूर, एका रंगाच्या प्रयोगापासून सुरू होतो.

१८८५ सालीं पॉल अर्लिख या जर्मन पंडितानें प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडला. सारीं इंद्रियें रंगलीं, मेंदू कोरा राहिला. मेंदूस त्या रंगाचें आकर्षणच नसावें, असा तर्क त्यानें केला. त्याचाच शिष्य गोल्डमन यानें १९१३ सालीं रंग मेंदूभोंवतालच्या द्रवांत सोडला. तों मेंदू निळा झाला आणि बाकीचें शरीर कोरें! गुरूचा तर्क शिष्यानेंच खोडला. रक्त व मेंदू यांच्यामध्यें भिंत होती. १९६७ सालीं रीस व कार्नोव्स्की यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं ती दाखविली: मेंदूंतील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींस घट्ट सांधलेल्या असतात.

आतां नवल असें कीं, हिंवतापाचा जंतु ही भिंत ओलांडीतच नाहीं. तो ज्यांत शिरला आहे अशा तांबड्या पेशी केशवाहिनीच्या आंतल्या बाजूस चिकटून राहतात, आणि पलीकडे मेंदू सुजतो. दाराबाहेर बसलेला चोर घर कसें मोडतो? मृताच्या मेंदूंत शेवट दिसतो, क्रम दिसत नाहीं. म्हणून भिंतच कांचेंत उभारावी लागली.

एका वाटींत दुसरी लहान वाटी टांगतात. तिचा तळ बारीक छिद्रांच्या पापुद्र्याचा असतो. त्यावर केशवाहिनीच्या पेशींचा एकच थर वाढवितात. वर रक्ताची बाजू, खालीं मेंदूची. थर किती घट्ट आहे, तें सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें मोजतात. ट्रेगर व जेन्सन यांनीं १९७६ सालीं हा जंतु प्रयोगशाळेंत अखंड वाढविण्याची रीत दिली होती. २००५ सालीं मानवी मेंदूच्या केशवाहिनींतील, पुनःपुन्हां वाढणाऱ्या पेशींचा एक वाणहि जाहीर झाला. चोर व भिंत एका भांड्यांत समोरासमोर आणणें त्यामुळें सोपें झालें. २०१३ सालीं असें आढळलें कीं, गंभीर आजारांत या रोगट पेशी ज्या प्रथिनास चिकटतात, तेंच प्रथिन भिंतीचे सांधे राखण्याच्या कामीं येतें.

तरी या वाटीवर फार विसंबूं नये. बेडकाच्या मेंदूंतील केशवाहिनीचा विद्युत्‌विरोध १९८२ सालीं सुमारें १,९०० भरला होता. त्याच मापानें २००५ च्या पेशींचा थर साधारण पन्नासापर्यंतच जातो. शिवाय साध्या वाटींत रक्त वाहत नाहीं.

आर्टेसुनेटाच्या इंजेक्शनानें जंतु मरतो. भिंतीचे सांधे पुन्हां जुळविणारें औषध अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. आणि वांचलेल्या मुलांपैकीं कांहींना झटके व बुद्धीची मंदता पुढेंहि राहते.