आजीची हजेरी, आजोबांचा वाटा

आमची आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. चाळायचं, निवडायचं, अन् संध्याकाळी लुगड्याला जर्द्याचा वास घेऊन घरी यायचं. आजोबा दुसऱ्याचं रान वाट्यानं करायचे, तंबाखूचंच. त्यामुळं घरात एकच भांडण: पक्की मजुरी बरी की नफ्यातला वाटा?

आजोबा म्हणायचे, "साल चांगलं गेलं तर वाटाच भारी." आजी म्हणायची, "आणि वाईट गेलं तर?"

बोनसच्या १९६५च्या कायद्यात दोन्ही होतं. किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या मजुरीचा बारावा भाग, तोटा झाला तरी द्यायचा. (सुरुवातीला ४ टक्केच होता, आणीबाणीतही कापला होता.) त्यापुढं २० टक्क्यांपर्यंत नफ्यावर. पण नफ्याची वही मालकाकडं. आजीच्या वखारीत तर बायकांची नावंच हजेरीपटावर नव्हती, मग बारावा भाग कशाचा काढणार? १९८०च्या सुमारास निपाणीच्या बायका संघटनेत आल्या, तेव्हा आजीचं पहिलं मागणं टक्क्याचं नव्हतं, नाव लिहून घ्या एवढंच होतं.

१९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात आजोबा पुणे-बंगळूर रस्त्यावर जाऊन बसले, तंबाखूला बांधील भाव मागायला. आजी हसली, "आता तुम्हीबी हजेरीच मागताय की!" ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. आजोबा रात्री उशिरा आले, जेवले नाहीत.

पुढं आजीला बोनस लागला. किती, ते तिनं आजोबांना कधी सांगितलं नाही.