एका पल्समागे एकच अणू

1979 साली फ्रान्समधल्या साक्ले इथे पिएर अगोस्तिनी आणि सहकाऱ्यांनी झेनॉनच्या अणूंवर लेसर सोडला. इलेक्ट्रॉन सुटायला सहा फोटॉन पुरेसे होते, पण काही इलेक्ट्रॉन सातवाही गिळून जास्त ऊर्जेनं बाहेर पडलेले दिसले. या प्रयोगात ऊर्जा मोजली होती. कोण कुठल्या दिशेला उडालं याचं चित्र नव्हतं.

चित्र आणलं रसायनवाल्यांनी. 1987 मध्ये डेव्हिड चँडलर आणि पॉल ह्यूस्टन यांनी लेसरनं रेणू फोडला, आयन झालेले तुकडे विद्युतक्षेत्रानं पडद्यावर ढकलले आणि कॅमेऱ्यानं टिपले. पण क्षेत्र सरळ राहावं म्हणून लावलेल्या धातूच्या जाळ्यांमुळे चित्र धूसर यायचं. 1997 मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखनला एपिंक आणि पार्कर यांनी जाळ्या काढून मधे भोक असलेल्या चकत्या बसवल्या. त्या भिंगाचं काम करू लागल्या: सारख्या वेगाचे, सारख्या दिशेचे कण थोड्या वेगवेगळ्या जागांवरून निघाले तरी पडद्यावर एकाच ठिकाणी पडू लागले. एवढ्याशा बदलाला दहा वर्षं लागली, याची मला गंमत वाटते.

तरी हे चित्र गर्दीचं. एकाच अणूतून निघालेले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे वागले, ते त्यात दिसत नाही. फ्रँकफर्टला नव्वदच्या दशकात असं उपकरण विकसित झालं, ज्यात एकाच अणूचा आयन आणि त्याचे इलेक्ट्रॉन एकत्र पकडता येतात. अट मात्र जाचक. एका पल्समध्ये दोन अणू फुटले, तर कुठला इलेक्ट्रॉन कुणाचा हे कळत नाही. (रिक्वेस्ट आयडी नसलेले दोन सर्व्हरचे लॉग ज्यानं फक्त वेळेवरून जुळवलेत, त्याला हे दुखणं समजावून सांगायला नको.) म्हणून लेसर इतका मंद ठेवायचा, की साधारण दहा पल्समागे एखादाच अणू फुटावा.

आता हिशोब करा. दहा लाख घटना हव्यात. सेकंदाला 10 पल्स देणारा लेसर असेल तर साडेअकरा दिवस, तेही अखंड. 1,000 पल्स असतील तर पावणेतीन तास. 1 लाख असतील तर 100 सेकंद.

2000 साली फ्रँकफर्टच्या गटानं अरगॉनमधून एकाच पल्समध्ये सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या मोजल्या. दोघं बऱ्याचदा एकाच बाजूला गेलेले दिसले. पॉल कॉर्कम यांनी 1993 मध्ये मांडलं होतं, की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला लेसरचं क्षेत्र उलटं फिरवून पुन्हा अणूवर आपटतं. पहिला परत येऊन दुसऱ्याला धक्का देतो, या कल्पनेला या जोड्यांनी बळ दिलं. गर्दीच्या सरासरीत हे हरवलं असतं.

मग सुरुवातीपासूनच लाख पल्स का नाही? उष्णता. प्रत्येक पल्समागे स्फटिकात थोडी ऊर्जा उष्णता होऊन उरते, आणि तापलेला स्फटिक किरणाचा आकार बिघडवतो. यटर्बियमच्या लेसरमध्ये मुळातच कमी उष्णता उरते, आणि लांब, बारीक फायबरमधून ती चटकन बाहेर पडते. असे लेसर आल्यावर सेकंदाला लाख पल्सचे प्रयोग आवाक्यात आले.