नकली फोन आणि खरी लहर

विरार स्टेशनाच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराकडच्या अंगास, पापडखिंडीच्या धरणापाशीं फुलपाडा ही वस्ती आहे. विरारहून मुंबईस जाणारी गाडी ही तशी जुनी गोष्ट. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यांत ती बॅकबेपर्यंत जाऊं लागली. आज चर्चगेटपर्यंतचा सुमारें साठ किलोमीटरांचा हा प्रवास फुलपाड्याच्या नोकरदार माणसाच्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु २०२० सालच्या मार्चअखेर कोव्हिडच्या साथीमुळें लोकल बंद पडल्या, आणि १५ जून रोजीं त्या पुन्हां सुरू झाल्या त्या केवळ अत्यावश्यक सेवेंतील लोकांसाठीं. त्या दिवसांत आपल्या शेजारीं कोण उभें होतें हें ध्यानांत ठेवण्याचें काम माणसानें खिशांतील फोनवर सोपविलें होतें. फोनला तें काम साधत होतें काय, आणि साधतें कीं नाहीं याची परीक्षा कशी होत असे, हें समजण्यास नकली यंत्रांच्या इतिहासांत थोडें मागें जावें लागतें.

एका यंत्रानें दुसऱ्याचें सोंग आणावें ही कल्पना मोबाइल फोनपेक्षां पुष्कळ जुनी. आय. बी. एम. कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची नवी मालिका जाहीर केली, तेव्हां तिच्या गिऱ्हाइकांपाशीं ‘१४०१’ या जुन्या यंत्रासाठीं लिहिलेल्या प्रोग्रॅमांचे ढीग पडलेले होते. ते टाकून देण्यास कोण तयार होणार? म्हणून नव्या यंत्रानें जुन्याप्रमाणें वागावें अशी योजना करण्यांत आली. प्रोग्रॅमला वाटावें कीं आपण अजून आपल्या जुन्या घरींच आहों! या योजनेला एम्युलेटर हें नांव पडलें. पुढें हीच युक्ति उलट्या अंगानें उपयोगास आली. गूगलनें नोव्हेंबर २००७ मध्यें अँड्रॉइडसाठीं ॲप लिहिण्याचीं साधनें प्रसिद्ध केलीं, त्या वेळीं बाजारांत अँड्रॉइडचा एकहि फोन नव्हता. पहिला आला तो २००८ च्या ऑक्टोबरांत. जवळजवळ वर्षभर लोकांनीं जन्मास न आलेल्या फोनसाठीं ॲप लिहिलीं, तीं संगणकाच्या पडद्यावरील नकली फोनच्या भरंवशावर.

या नकली फोनला जवळच्या फोनशीं मात्र बोलतां येत नसे. ब्ल्यूटूथ व एन. एफ. सी. हीं अंगें एम्युलेटरला नाहींत, असें अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शिकेंतच अनेक वर्षें नमूद होतें. आयफोनच्या नकलेची कथा अधिक चमत्कारिक. तिला कांहीं काळ मॅक संगणकाचें खरें ब्ल्यूटूथ उसनें घेतां येत असे. २०१३ सालीं आय. ओ. एस. ७ बरोबर तीहि सोय गेली.

ब्ल्यूटूथचा आरंभ स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत १९९४ च्या सुमारास झाला. याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन हीं त्यांतील ठळक नांवें. सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर हें संभाषण चालतें, आणि मूळच्या पद्धतींत तें ७९ मार्गांवरून सेकंदास १६०० वेळां उड्या मारीत जातें. (एका मार्गावरून दुसऱ्यावर उडी मारण्याच्या अशाच एका योजनेचें पेटंट १९४२ सालीं हेडी लामार ही सिनेनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना मिळालें होतें, तेव्हां लक्ष्य होतें पाणतीरांचें नियंत्रण.) १९२७ सालीं खडकी आणि दौंड येथील केंद्रांवरून विलायतेशीं बिनतारी संदेश सुरू झाले, त्या मानानें दहा-वीस पावलांच्या या लहरीचें कौतुक तें काय, असें कोणास वाटेल. पण दूरच्या लहरीस ‘पोंचलीस काय’ एवढेंच विचारावयाचें असतें; जवळच्या लहरीस ‘किती अंतरावरून आलीस’ असेंहि विचारण्यांत येतें, आणि तेथेंच खरी अडचण आहे.

फोनच्या आंतील हिशेब ठरलेला असतो, म्हणून त्याची नक्कल साधते. दोन फोनांच्या मधली जागा तशी नसते. तीत खिसा असतो, पिशवी असते, माणसाचें शरीर असतें. आणि शरीरांतील पाणी ही लहर शोषून घेतें. म्हणून ॲप लिहिणारे लोक टेबलावर दोन-चार खरे फोन मांडून बसत, किंवा ‘फोन भेटला’ असें खोटेंच सांगणारा एक तुकडा प्रोग्रॅममध्यें घालीत. त्या तुकड्यानें प्रोग्रॅमचा हिशेब बरोबर आहे एवढें सिद्ध होई. अंतराबद्दल कांहींच कळत नसे.

‘आरोग्य सेतु’ हें ॲप २ एप्रिल २०२० रोजीं लोकांपुढें आलें. त्याच्या नोंदींची भिस्त ब्ल्यूटूथ आणि जी. पी. एस. यांवर होती. १ मेच्या हुकुमानें सरकारी व खाजगी कर्मचाऱ्यांवर त्याची सक्ती झाली. १७ मे रोजीं ती सौम्य करण्यांत आली. म्हणजे कामावर जाणाऱ्या माणसाच्या मोकळीकीचा संबंध या लहरीशीं जडला होता. सिंगापूरकरांनीं निरनिराळ्या बनावटींचे फोन प्रतिध्वनिशून्य खोलींत मोजून पाहिले. पण लोकलचा डबा म्हणजे तशी खोली नव्हे. त्याच सालीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील लीथ व फॅरेल यांनीं खऱ्या ट्रामगाडींत प्रयोग केला. त्यांनीं ‘आरोग्य सेतु’ नव्हे, तर गूगल व ॲपल यांनीं मिळून केलेली पद्धति तपासली. फोनांच्या निम्म्या जोड्या दोन मीटरांच्या आंत होत्या. तरीहि स्वित्झर्लंड व जर्मनी यांच्या नियमांनीं एकहि इशारा दिला नाहीं. इटलीच्या नियमानें जवळच्यांपैकीं निम्मे ओळखले, आणि दूरच्यांपैकीं निम्म्यांनाहि जवळचे ठरविलें. नाणें उडविलें असतें तरी याहून वाईट झालें नसतें. धातूच्या डब्यांत लहर भिंतींवरून परतते, हें त्याचें मुख्य कारण. विरार लोकलच्या डब्याच्या भिंतीहि धातूच्याच, आणि गर्दी तर ट्रामहून कितीतरी दाट.

नकली फोनला ब्ल्यूटूथ मिळालें तें २०२२ सालीं निघालेल्या अँड्रॉइड १३ च्या सुमारास. त्यानंतर ‘नेटसिम’ नांवाच्या साधनानें अनेक नकली फोन एका काल्पनिक जागेंत मांडून, त्यांतील अंतर वाढवून-घटवून लहरीची ताकद बदलून पाहतां येऊं लागली. ‘आरोग्य सेतु’ मधील संपर्क शोधण्याची सोय तोंवर बंद होण्याच्या मार्गावर होती. ती बंद केली असून तिनें गोळा केलेली माहिती पुसून टाकली आहे, असें सरकारनें फेब्रुवारी २०२३ मध्यें संसदेंत सांगितलें.