शंभर मापे की एकशेचाळीस?



व्याख्यानमालेच्या चालकांना मी ‘तुलना’ असा विषय कळवला, तेव्हा त्यांना वाटले की मी दोन कवींची किंवा दोन पुढाऱ्यांची तुलना करणार. माझी तुलना त्याहून पुष्कळच कोरडी आहे. दोन राशींपैकी मोठी कोणती आणि ती किती मोठी, एवढाच प्रश्न. त्याला लागणारी साधनेही साधी, म्हणजे अंकगणित, थोडेसे बीजगणित आणि चिमूटभर भूमिती. परंतु तीस वर्षे कामगार संघटनेत घालवल्यावर माझे असे मत झाले आहे की, मजुराला खोटा आकडा सांगून क्वचितच बुडवता येते. खरे आकडे चुकीच्या रीतीने शेजारी मांडले की काम भागते. म्हणून ह्या तुलनेचा आपल्या मुलखातला थोडा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावा असे मनात आले. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे गणित पगारपत्रकांनी शिकवले आणि लीलावतीच्या मराठी भाषांतराने. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आरंभ भास्कराचार्यांपासूनच केला पाहिजे. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. लीलावती हा त्याचा पहिला भाग, बीजगणित हा दुसरा. लीलावती उघडली की मंगलाचरणानंतर लगेच काय येते? कोष्टके. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग सोन्याची वजने, लांबीची मापे, धान्याची मापे. बेरीज-वजाबाकी पुढे येते. माप कोणते हे आधी ठरवा, मग हिशेबाला बसा, असा हा क्रम आहे. आमच्या वाटाघाटींत तो निम्म्या वेळा उलटा असतो.

ह्याच ग्रंथात व्यस्त त्रैराशिकाचे एक उदाहरण आहे. धान्याची एक रास सात आढकांच्या मापाने मोजली तेव्हा शंभर मापे भरली. तीच पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती भरतील? शंभर गुणिले सात म्हणजे सातशे आढक; त्याला पाचाने भागले की एकशेचाळीस. रास तीच, दाणा एकही वाढला नाही, पण आकडा शंभराचा एकशेचाळीस झाला. आता ह्याच उदाहरणात थोडी सावकारी मिसळून पाहा. धान्य उसने देताना पाच आढकांचे माप वापरले आणि परत घेताना सातांचे. वहीत लिहिले, ‘शंभर मापे दिली, शंभर मापे आली.’ वहीत व्याजाचा एक कणही नाही, आणि कुणब्याच्या घरातून पाचशे आढकांच्या बदली सातशे गेले. हे चाळीस टक्के झाले. वही खरी आहे, वहीतला आकडा खरा आहे, बदलले आहे ते फक्त माप.

आचार्यांच्या उदाहरणांतून त्या काळचा समाजही डोकावतो, आणि तो सगळाच गोड नाही. पंचराशिकाच्या एका उदाहरणात महिन्याला शंभरावर पाच व्याज धरले आहे, आणि सोळांवर वर्षाचे व्याज किती असे विचारले आहे. उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश, म्हणजे सालीना साठ टक्के! ह्या दराबद्दल तिथे आश्चर्याचा एक शब्दही नाही. आणखी एका उदाहरणात सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत बत्तीस निष्क असेल तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती, असा प्रश्न आहे. वय वाढले की किंमत उतरते, म्हणून व्यस्त त्रैराशिक, आणि उत्तर पंचवीस पूर्णांक तीन पंचमांश. गणित अचूक आहे. ते वाचताना माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो, एवढे मात्र सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

भास्कराचार्यांच्या विद्येचा आपल्या मुलखाशी संबंध केवळ अभिमानाने जोडलेला नाही. त्याला दगडाचा पुरावा आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेले की डोंगराच्या पायथ्याशी पाटण म्हणून गाव लागते. तिथल्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला. लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ स्थापला. त्या मठाला दाने मिळाली ती लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत दिली आहेत. चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला. आणि त्यापुढे असे आहे की गावात जे मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे, मोजणावळीचा अर्धा भाग मठाचा आणि अर्धा मापाऱ्यांचा. ग्रहगणिताच्या पाठशाळेचा खर्च बाजारातल्या मापावर बसवला होता! माप ज्याच्या हाती त्याच्याकडे उत्पन्न, ही गोष्ट आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या तेल्यालाही ठाऊक होती.

आता आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात येऊ. हे कुंभार पिंपळगाव तेव्हा निजामाच्या राज्यात. इथे हाली सिक्का चाले, आणि ब्रिटिश हद्दीत कलदार. जालन्याहून देऊळगाव राजाच्या वाटेला लागले की वऱ्हाड, म्हणजे कलदारचा मुलूख. सरकारी दर असा की सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार; शंभर कलदारांना एकशेसोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली. समजा एका गड्याला इकडे महिन्याला चौतीस हाली मिळत, आणि वऱ्हाडात तीस कलदार देणारा कोणी भेटला. चौतीस मोठे की तीस? बीजगणिताच्या भाषेत सात ‘ह’ बरोबर सहा ‘क’. तेव्हा चौतिसाला सहाने गुणा आणि तिसाला सातांनी; एकीकडे दोनशेचार, दुसरीकडे दोनशेदहा. तीसच मोठे. ज्याला ही तिरकी गुणणी येत होती तो सीमा ओलांडण्याचा विचार करी. ज्याला येत नव्हती तो चौतीस मोठे समजून घरी राही.

आमच्या जुन्या पिढीचे तोंडी गणित चांगले पक्के होते हे खरे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे अपूर्णांकांचे पाढे. साडेतीनाचा पाढा, म्हणजे औटकी, म्हणणारी मुले आज शोधून काढावी लागतील. पण ह्या पाढ्यांत सप्तमांश नाही, आणि हाली-कलदारचा सगळा पेच त्या सप्तमांशातच होता. हालीचे कलदार करायचे तर एक सप्तमांश वजा करावा, हे सोपे. एकोणपन्नास हालीतून सात गेले, बेचाळीस कलदार राहिले. मग उलट जाताना एक सप्तमांश मिळवला की झाले, असे कोणालाही वाटेल. बेचाळिसाचा सप्तमांश सहा, बेरीज अठ्ठेचाळीस. एक रुपया कुठे गेला? तो गेला नाही. उलट जाताना सहावा भाग मिळवायचा असतो. उतरताना ज्या पायरीवरून मोजले ती सातांची, चढताना मोजायची ती सहांची. हाली सिक्क्याचा अंमल संपला, १९५० पासून इथे भारतीय रुपया आला, १९५९ साली हालीचे चलन कायद्याने बंद झाले. परंतु हा सप्तमांश-षष्ठांश अजून जिवंत आहे. एका कारखान्यात मंदीच्या नावाखाली वीस टक्के पगार कापला, आणि वर्षाने ‘कापलेले वीस टक्के परत दिले’ अशी नोटीस लागली. शंभराचे ऐंशी झाले होते, ऐंशीवर वीस टक्के म्हणजे सोळा, एकूण शहाण्णव. नोटीस टक्क्यांत खरी होती. पूर्ववत शंभर व्हायला पंचवीस टक्के लागत होते, आणि ही गोष्ट फळ्यावर मांडून दाखवीपर्यंत आमच्याच लोकांपैकी पुष्कळांनी पेढे वाटले होते.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण माझ्या मते निम्मी भांडणे त्याच्यापाशी आहेत. तुलना वजाबाकीने होते आणि भागाकारानेही होते. शिपायाला आठ हजार, साहेबाला चाळीस हजार. दोघांना दहा टक्के वाढ दिली. शिपाई आठ हजार आठशेवर, साहेब चव्वेचाळीस हजारांवर. मालक म्हणतो, प्रमाण पूर्वी पाचपट होते, आजही पाचपट आहे. विषमता वाढली कुठे? आम्ही म्हणतो, अंतर बत्तीस हजारांचे होते, ते पस्तीस हजार दोनशे झाले. दोघेही खरे बोलतात. एकाने भागले, दुसऱ्याने वजा केले. पण दुकानात तेल घेताना प्रमाण देऊन चालत नाही, रुपयेच मोजावे लागतात, म्हणून माझा कल कुठे आहे हे आपण ओळखलेच असेल.

१९५७ च्या १ एप्रिलला नवे पैसे आले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पावपैशाचे नाणे नव्हते. म्हणून कोष्टकात एक आणा सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. तीन आण्यांच्या जिनसेत गिऱ्हाईक पाव पैशाने बुडे, एका आण्याच्या जिनसेत दुकानदार. पुढे १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोची वजने टप्प्याटप्प्याने येऊ लागली. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पंधरा शेर आणि चौदा किलो जवळजवळ सारखे. चौदा आणि पंधरा ध्यानात ठेवले की शेराला सत्तर पैसे भावाची जिन्नस किलोला पंचाहत्तर पडावी हे क्षणात निघते. त्याहून जास्त सांगणाऱ्याला कारण विचारता येत होते.

नाणे बदलले, वजन बदलले, तरी ते डोळ्यांना दिसते. महागाईचे माप मात्र दिसत नाही. मुंबईत १९२१ पासून कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक निघू लागला. जुलै १९१४ चा खर्च शंभर धरून आजचा किती, ही त्यातली तुलना. पुढे महागाईभत्ता अशा निर्देशांकाला बांधला गेला. तत्त्व चांगले. परंतु तुलना खरी व्हायची तर दोन्ही काळी टोपली तीच हवी, आणि त्या टोपलीतला भाव कामगार प्रत्यक्ष मोजतो तो हवा. १९६३ साली भाव चढत होते आणि निर्देशांक मागे रेंगाळत होता. कामगारांनी बाजारातले भाव आणि निर्देशांक शेजारी ठेवले. २० ऑगस्टला मुंबई बंद झाली. सरकारने अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि निर्देशांक प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो असे समितीच्या तपासणीत निघाले. आकडा वर दुरुस्त करावा लागला. माझ्या वाचनात आलेल्या लढ्यांपैकी हा मला विशेष वाटतो, कारण मागणी पगारवाढीची नव्हती. माप तपासा, एवढीच होती.

भूमितीसाठी पुन्हा भास्कराचार्यांकडे वळतो. चौकोनाच्या चारच बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. एवढा राग का? सुतळी ढिली झालेली बाज घ्या. कोपऱ्याला रेटा दिला की ती कलते. चारही लाकडे तेवढीच, पण मधली जागा कमी झाली. कर्ण सांगितल्यावाचून क्षेत्रफळ सांगता येत नाही. काटकोनी शेतातही कुंपण पाहून फसायला होते. शंभर बाय शंभर हातांचे शेत आणि दीडशे बाय पन्नासचे. कुंपण दोघांना चारशे हातच लागेल, पण पहिल्यात दहा हजार चौरस हात जमीन, दुसऱ्यात साडेसात हजार. घनफळात तर डोळा आणखी फसतो. आपल्या गावाच्या नावात कुंभार आहे, म्हणून त्याचेच उदाहरण देतो. एका रांजणापेक्षा दुसरा उंचीला आणि घेराला दीडपट, जाडी तीच. माती लागेल सव्वादोनपट, आणि पाणी मावेल तिप्पटीहून जास्त, तीन पूर्णांक तीन अष्टमांश पट.

हे रांजणाचे गणित १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायाबापड्यांच्या भाकरीशी येऊन भिडले. माझी आई त्या वर्षी मातीच्या कामावर होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास, मजुरी त्यावर. मापे कागदावर मीटरची झाली होती, तोंडी मात्र फूट आणि ब्रासच होते. तिच्या कामावर मिस्त्री टेप धरी ती जरा आतून, आणि खोली बघे ती खड्ड्यात जिथे भर राहिली असेल तिथे. लांबीला सहा इंच कमी, रुंदीला सहा इंच कमी, खोलीला दोन इंच कमी. एवढ्यातेवढ्यासाठी भांडायचे का, असे ज्याला त्याला वाटे. साडेनऊ गुणिले साडेनऊ म्हणजे सव्वानव्वद, त्याला खोलीचे पाच षष्ठांश, पंचाहत्तर घनफूट. शंभरातले पंचवीस गेले. चार दिवस खणले की एक दिवस फुकट.

त्या टोळीतल्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी तुकाराम न्हाव्याच्या दुकानातून आणलेल्या पट्टीने एक सुतळी मोजून घेतली, दहा फुटांवर गाठ मारली, आणि बारा इंचांवर खाच पाडलेली एक काडी ठेवली. मिस्त्री येण्याआधी त्या खड्ड्याच्या चारही कडांना सुतळी लावीत, दोन्ही कोपऱ्यांतून तिरकी धरून पाहत, आणि काडी तीन ठिकाणी उभी करीत. मग टेप उघडायची असे.