मागावरचा विनोद आणि आपल्या म्हणी

ज्ञातीचा इतिहास लिहू गेल्यास देवस्थाने, देणग्या आणि कर्ते पुरुष यांची नोंद आवर्जून होते. परंतु आपले वाडवडील हसत कशाला होते, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ती उणीव यथाशक्ती भरून काढावी, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

इचलकरंजीत घरोघर हातमाग होते, तेव्हा घर आणि कारखाना अशा दोन गोष्टी नव्हत्या. आत माग, शेजारी कांड्या भरणाऱ्या बायका, बाहेर खळ लावलेला ताणा. धोट्याचा आवाज बेताचा. त्यातून बोलणे सहज ऐकू येई. हात गुंतलेले आणि जीभ मोकळी! विनोदाला याहून सोयीची जागा कोणती? आमच्या आजीचे बोलणे म्हणीवाचून पुरे होत नसे. मागील उधारी फिटली नाही तोच पाहुणे दारात उभे राहिले, की ती हळूच म्हणे, ‘घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे.’ विणीत चूक करून मागाला दोष देणाऱ्या काकांना ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ एवढे ऐकवले, की पुरे. रागावून जे साधले नसते ते हसण्याने साधे, आणि काकाही हसत.

आपल्या धंद्याचा ठसा तर साऱ्या मराठी भाषेवर आहे. दोन माणसांचे ‘सूत जुळते’, वाकडा मनुष्य ‘सुतासारखा सरळ’ येतो, अतिशहाणा ‘सुतावरून स्वर्ग गाठतो’. मात्र ‘सूतोवाच’ यातील सूत आपले नव्हे. तो पुराणे सांगणारा सूत. आमचे विद्यार्थी येथे हमखास फसत, व वर्गात हशा पिकत असे.

हे लोकधन जपण्याचे श्रम अनेकांनी घेतले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशात म्हणींना स्थान मिळाले. रेव्हरंड मॅनवेरिंग यांनी १८९९ साली मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. पुढे दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध झाला. परंतु कोशात शब्द राहतो. तो कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटला, हे घरातच राहते.

आणि घर बदलले. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग आणला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगधंद्यांस उत्तेजन दिले, आणि गावाची भरभराट झाली. त्याबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत. तथापि यंत्रमागाच्या खडखडाटात शेजाऱ्याचा शब्द शेजाऱ्यास ऐकू येत नाही. तेथे खुणांनी बोलावे लागते, आणि खुणेने म्हण सांगता येत नाही.

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. जुने ते सारे सोनेच असते, असे नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात आम्ही वर्गात ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण मोठ्या रंगात सांगितली. मुले पोट धरून हसली. एक मुलगा मात्र मान खाली घालून बसला. शाळा सुटल्यावर तो जवळ येऊन म्हणाला, ‘गुरुजी, तुमच्या अंगातला सदरा माझ्या वडिलांनी शिवलाय.’ आम्हांस उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर हिंदीतील ‘सूत न कपास, जुलाहे से लट्ठमलट्ठा’ ही म्हण आठवली. तीत विणकराचे नाव विनाकारण ओढलेले पाहून आम्हांस पूर्वी राग आला होता. आपणांस टोचते ते दुसऱ्यासही टोचते, एवढे शिकण्यास आम्हा शिक्षकाला एक विद्यार्थी लागला.

१९७४ साली मराठी साहित्य संमेलन आपल्या इचलकरंजीत भरले, तेव्हा अध्यक्षपदी पु. ल. देशपांडे होते. जवळच्याच पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांनी खेड्यातील माणसांच्या गमती त्यांच्याच बोलीत सांगितल्या. चाळ असो वा खेडे, या दोघांचे हसू बाहेरून आलेले नाही. ते त्या माणसांतलेच होऊन हसले. आमच्या आजीचा विनोद याच जातीचा होता. पाहुण्यांवरच्या तिच्या म्हणीत पहिली थट्टा स्वतःच्या रिकाम्या डब्याची असे.

असो. आमची ज्ञातिबांधव व भगिनींस एकच विनंती आहे. घरात जे वृद्ध आहेत त्यांच्याजवळ या वर्षी सवडीने बसावे. त्यांच्या तोंडच्या म्हणी, उखाणे, कोट्या प्रसंगासह वहीत उतरवाव्या. टोचणारी म्हण लिहावी, पण ती टोचते असेही शेजारी लिहावे. आम्ही आजीच्या हयातीत वही घेतली नाही. आज स्मरणावर हात ठेवतो, तो बोटावर मोजण्याइतक्याच म्हणी हाती लागतात. उरलेल्या तिच्याबरोबर गेल्या.